नानाशेठची अंधारखोली

आंब्याचे दिवस आले की आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांभोवती चिलटं जमतात आणि माझ्या दारची बेल वाजते. "ताई, तुम्ही माश्यांच्या कंपनीत होतात ना? काहीतरी औषध सांगा की." मी सांगते, केळ्याची सालं उघडी टाकू नका, डबा रोज धुवा. समोरचा हिरमुसतो. जन्म माश्यांत काढलेल्या बाईकडे एखादा जालीम उपाय असणारच, अशी त्याची खात्री असते. आता त्याला काय सांगायचं? मला पगार मिळायचा तो माश्या जगवण्याचा. मारण्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

माझं माहेर चाकणजवळच्या एका खेड्यातलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी तळेगावच्या बाजूला एका संशोधन संस्थेत चिकटले, तेव्हा आईनं विचारलं होतं, "आगं, गोठ्यात फुकाट हायेत की माश्या. त्या पाळायला पगार देत्यात?" देतात म्हटलं. "मंग घे बाई. कुनाचं काय, तर कुनाचं काय." एवढं बोलून ती भाकरी थापायला वळली. नोकरी लागल्याबद्दल माझं झालेलं कौतुक ते एवढंच.

माझ्या ताब्यात माश्यांची खोली होती. माश्या म्हणजे हीच चिलटं, फळमाश्या. बाटल्यांतून त्यांचे नाना वाण जपायचे, दर पिढीला नव्या बाटलीत घालायचं, एका वाणाची मादी दुसऱ्या वाणाच्या नराकडे जाऊ द्यायची नाही. थोडक्यात, सासूचं काम. त्यांचा स्वयंपाकही आमच्याकडेच. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी चायना ग्रास, असा लापशीसारखा प्रकार मोठ्या पातेल्यात रटरटायचा. नवीन आलेले विद्यार्थी वास घेऊन विचारायचे, "आज कँटीनला गोड आहे का?" म्हणून मी एक पाटी रंगवून घेतली होती, 'येथे काहीही खाऊ नये व आणू नये'. या पाटीपायी मी भल्याभल्यांशी भांडले. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एकदा बोलता बोलता बिस्किटाचा पुडा घेऊन आत आल्या, तर मी त्यांनाही बाहेर काढलं. साखरेचा कण सांडला की मुंग्या येतात, आणि मुंग्या बाटलीत शिरल्या की एखाद्याचा वर्षाचा प्रयोग फस्त करतात. त्यामुळं मला कुणी खाष्ट म्हटलं तरी चालायचं.

एकदा नव्यानं बदलून आलेल्या कार्यालयीन अधिकाऱ्यानं सगळ्या इमारतीत कीटकनाशक फवारायचं फर्मान काढलं. पाठीवर टाकी घेतलेला माणूस माझ्या दारात उभा. "मॅडम, माशी दिसली तर मारायची ऑर्डर आहे." मी म्हटलं, "बाबा, आत दुसरं काहीच नाही." त्यानं काचेतून डोकावून पाहिलं, बाटल्यांच्या रांगा पाहिल्या आणि टाकी खाली ठेवली. "कोण आणतं एवढ्या?" मी त्याला बाहेर कट्ट्यावर चहा पाजला आणि फवारणी झाली म्हणून सही करून दिली. त्याच्यानंतर दर खेपेला तो माझ्याकडे फक्त चहाला यायचा.

तर आता मुद्द्याकडे येते. मी सांगणार आहे ती आमच्या अंधारखोलीची गोष्ट, आणि त्यासाठी माशीचा डोळा थोडा समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, मी परीक्षा घेणार नाही.

माशीच्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीला एका बाजूनं बारीक केसांचा ब्रश असतो आणि त्या ब्रशवर सूक्ष्म दारं. उजेड पडला की दारं उघडतात, बाहेरचे कॅल्शियम-सोडियमचे भारित कण आत घुसतात आणि मेंदूला वर्दी जाते की उजेड आहे. ही दारं दोन जातींची. एक जात हलत नाही, आहे तिथंच ठाण मांडून असते. दुसरी जात मजेशीर. बराच वेळ उजेड राहिला की ही दारं ब्रशवरून उठून पेशीच्या आतल्या भागात जाऊन बसतात. अंधार झाला की पुन्हा आपल्या जागी.

हे कशासाठी, ते मला पहिल्यांदा मॅडमनी मोठ्या इंग्रजी शब्दांत समजावलं होतं. मला ते समजलं आमच्या सोसायटीच्या नळावर. नळाला करंगळीएवढी धार असली की आम्ही घरातली होती नव्हती ती भांडी बाहेर काढून मांडतो. धो धो पाणी आलं की निम्मी भांडी उचलून आत. अंधारात उजेडाची धार बारीक असते, म्हणून पेशी सगळी दारं पुढं मांडून बसते. लख्ख उजेडात एवढ्या दारांची गरज नसते. झालं. मॅडमना हे सांगितलं, तर पुढं त्या व्याख्यानांत ते भांड्यांचं उदाहरण देत फिरल्या.

ही दारं दिसावीत म्हणून त्यांना हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं असतं. अंधारात ठेवलेली माशी थंडीनं गुंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की डोळ्यात हिरवे ठिपके लखलखतात. उजेडातली माशी धरली तर ठिपके विझलेले, कारण दारं आत गेलेली. इतकं सोपं. फक्त एक अट. अंधार म्हणजे अंधारच पाहिजे. आणि आपल्याकडे खरा अंधार मिळणं महाकठीण. दाराखालून, खिळ्याच्या भोकातून, कुठून ना कुठून उजेड येतोच.

ही अंधारखोली आम्हाला करून दिली भोसरीच्या नानाशेठनी. नानाशेठ म्हणजे गावातले जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा त्यांनी पत्र्याचं वर्कशॉप टाकलं आणि गाड्यांचे पार्ट रंगवून वाळवायच्या खोल्या बनवायला लागले. परदेशातून आणायच्या खोलीची किंमत आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून मीच त्यांना नानाशेठकडे नेलं. पांढरी टोपी, कपाळावर बुक्का, तोंडात सुपारी. मॅडमनी तापमान, दमटपणा असं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "आत काय ठिवनार?"

"माश्या," मी म्हटलं.

"बरं. घोडं ठिवा न्हाईतर माश्या ठिवा. अंदार कसला पायजे?"

"म्हणजे?"

"ताई, अंदारातबी परकार असत्यात. पिच्चरच्या थेटरातला येक, जमिनीखालच्या धान्याच्या पेवातला येक."

"पेवातला," मी म्हटलं, आणि सौदा ठरला.

लिफ्टपेक्षा जरा मोठी अशी ती खोली, जाड दार, दाराला चहूकडून काळं रबर. बसवून झाल्यावर नानाशेठनी स्टूल मागितलं, आत जाऊन बसले आणि दार लावून घ्यायला सांगितलं. कितीतरी वेळ झाला तरी बाहेर येईनात. मला काळजी वाटायला लागली. शेवटी बाहेर आले ते डोळे चोळत. "वरच्या कोपऱ्यात सुईयेवढं हाय. बुजवतो." मी म्हटलं, एवढा वेळ लागतो का ते बघायला? "डोळं मुरू द्यावं लागत्यात, ताई. गेल्या गेल्या सगळाच अंदार दिसतो." आमच्याकडे मोजायची उपकरणं होती, पण मॅडमना ही रीत इतकी आवडली की काम पसंत असल्याची सही त्यांनी तिथंच केली.

नानाशेठचा एक रिवाज होता. खंडेनवमीला आपल्या हातची मशीन जिथं असेल तिथं जाऊन पूजा करायची. पार रांजणगावपर्यंत त्यांची फेरी चालायची. आमच्याकडेही यायचे. दाराला हळदकुंकू, बाहेर अंगणात नारळ, आणि वर तोरण. हे तोरण त्यांच्या मावळातल्या सासुरवाडीच्या शेतातलं, झेंडू, आंब्याची पानं आणि मध्ये मध्ये भाताच्या लोंब्या, सगळं सुतळीत ओवलेलं. आणि एकदा बांधलेलं तोरण माणसानं सोडायचं नाही, पुढच्या नवमीलाच बदलायचं. कारखान्यांत बघा, वाळून कोळ झालेली तोरणं मशीनवर वर्षभर लटकत असतात. कुणी हात लावत नाही. आमच्याकडेही कुणी लावला नाही.

रेवती आमच्याकडे पीएच.डी. करत होती. परभणीकडची, वडील गावच्या शाळेत शिक्षक. बोलायला गोड, कामाला वाघ. माशीतलं कुठलं जनुक बिघडलं की ही दारं जागेवरून हलेनाशी होतात, हे ती शोधत होती. वाणामागून वाण बघायचे. आधी उजेडात ठेवून दारं आत घालवायची, मग अंधारखोलीत दिवसभर ठेवायचं आणि दारं परत आली का पाहायचं. सगळ्या वाणांत यायची. वर्षं चालली होती, शिष्यवृत्ती संपत आली होती आणि हाताला काही लागत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा असा, की मला वाटलं लग्न ठरलं. "ताई, येऊन बघा ना जरा."

सूक्ष्मदर्शकात मी डोळा लावला. एका वाणाचे ठिपके विझलेले. दिवसभर अंधारात राहूनही दारं परतली नव्हती. शेजारच्या साध्या माशीचे ठिपके लखलखत होते. "पुन्हा केलं का?" मी विचारलं. "चार येळा केलं ताई. चारी येळा असंच यायलंय."

मी तिला जवळ घेतलं. मॅडमना सांगितलं, मॅडमनी एका मोठ्या परिषदेत हे मांडायचं ठरवलं. रेवतीनं घरी फोन केला. तिचे वडील, आबा, म्हणे शाळेत सगळ्या मास्तरांना सांगून आले, की आमच्या पोरीनं माशीच्या डोळ्यात काहीतरी शोधून काढलं. काय ते त्यांना सांगता आलं नाही, पण पेढे वाटले.

परिषद तोंडावर आली आणि तो वाण बरा झाला.

झालं असं, की अंधारखोलीतला दाराजवळचा पुढचा ट्रे भरला होता म्हणून रेवतीनं काही बाटल्या मागच्या फळीवर ठेवल्या. त्या बाटल्यांतल्या माश्यांची दारं अगदी शहाण्यासारखी परतली. पुढच्या ट्रेमधल्या माश्यांची नाही. वाण तोच, आई-बाप तेच. रेवतीला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून साध्या, निरोगी माश्या, ज्या एरवी मागच्या फळीवर असायच्या, पुढच्या ट्रेमध्ये ठेवल्या. त्याही 'आजारी' पडल्या. मला म्हणाली, "ताई, माशीत कायच नाही. खोलीतच कायतरी हाय." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. ही गोष्ट तिनं झाकून ठेवली असती तर निदान परिषद होईपर्यंत कुणाला कळली नसती. ते तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मी नानाशेठना फोन केला. ते तासाभरात स्कूटरवरून हजर. "माजी खोली गळती? शक्य न्हाई." चेहऱ्यावर जरा रागच होता. आम्ही तिघंही आत गेलो. मी सवयीनं लाल दिवा लावला. माशीला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून आत काम करताना आम्ही तो लावतो.

"इझवा त्यो," नानाशेठ म्हणाले. "त्यात तुमाला काय दिसनार?"

खरंच की. खोली बसवल्या दिवसानंतर त्या अंधारात दिव्याशिवाय कुणी बसलंच नव्हतं. दिवा विझवला, दार लावलं. नानाशेठ स्टुलावर, आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून. सुरुवातीला सगळा अंधार. वेळ जाईना म्हणून नानाशेठ रेवतीला विचारायला लागले, गाव कुठलं, पाऊस झाला का, कापूस आहे का. तीही सांगत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"ताई, तिथं वर काय दिसायलंय?"

मला काही दिसेना. मग दिसलं. दाराच्या वरच्या कडेला केसासारखी एक पिवळट रेघ. तिचा उजेड बरोबर पुढच्या ट्रेवर.

नानाशेठ उठले, चाचपडत रेघेपर्यंत हात नेला. आणि त्यांनी दार उघडलं. बाहेरून पाहिलं तर तोरणाच्या सुतळीचं टोक दार आणि रबर यांच्या मधे अडकलेलं होतं. एक वाळकी लोंबीही त्यात चेपली होती. रबर तेवढंच उचललं जाऊन शेजारी फट पडली होती. रेवतीचा 'शोध' नवमीच्या त्या तोरणाला लटकला होता.

नानाशेठनी तोरण सोडलं. नवमीच्या आधी आयुष्यात कधी सोडलं नसेल. घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, मी बांदलं गं. लई नुकसान केलं तुजं."

"न्हाई नाना," रेवती म्हणाली. ती बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली. थोड्या वेळानं मला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "आबा, ते तसं नव्हतं हो. चूक झाली होती. नाही, रडत नाही मी." मी दारामागं उभी राहून तिच्याऐवजी रडून घेतलं.

मग तोंड धुऊन ती मॅडमकडे गेली. मी सोबत. तिनं सगळं सांगितलं, सुतळीसकट. मला वाटलं, आता काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या, "चहा मागवा." चहा आल्यावर त्यांनी विचारलं, "किती उजेड होता तो?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. केसाएवढा. आम्हाला डोळे मुरल्याशिवाय दिसला नाही इतका.

"आणि तेवढ्यानं दारं परत यायची थांबली?" मॅडम म्हणाल्या. "आपण तर फक्त उजेड आणि अंधार एवढंच बघतो. मधलं कुणी बघितलंय आपल्याकडे?"

रेवतीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतताना मी पाहिला. परिषदेतलं भाषण मॅडमनी रद्द केलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा भोसरीला नानाशेठच्या वर्कशॉपमध्ये उभी होते.

"नाना, दाराला एक फट पाडून पाहिजे."

त्यांनी सुपारी थुंकली. "ताई, थट्टा करताय व्हय?"

"नाही. लहान-मोठी करता येईल अशी. उजेड हवा तेवढाच आत सोडायचा."

"आमी जल्मभर फटी बुजवल्या. लोक बुजवायचं पैसं देत्यात. आन तुमी म्हंता भोक पाडा." पण बोलता बोलता त्यांनी खडूनं पत्र्यावर आकृती काढायला घेतली होती. सरकती पितळी पट्टी, तिला बारीक आट्यांचा स्क्रू. ती बसवायला ते स्वतः आले. स्क्रू एवढासा फिरवला की रेघ दिसायची, उलटा फिरवला की पुन्हा पेवातला अंधार. रेवती आणि ते लहान मुलांसारखे पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते.

पट्टीवर रेवतीनं झपाटल्यासारखं काम केलं. किती मंद उजेडापर्यंत दारं आत राहतात, कुठून परतायला लागतात, हा तिच्या प्रबंधाचा भाग झाला. जग हलवणारं काही नव्हतं, पण खरं होतं, आणि तिचं होतं. तो बिघडलेला वाण मात्र कधीच सापडला नाही. मला त्याची अजून हळहळ वाटते. रेवतीला नाही वाटत.

नानाशेठ मात्र पुढच्या नवमीला आले नाहीत. नारळ पाठवून दिला, सोबत निरोप, 'तोरण नको'. मी फोन केला तर म्हणाले, "माज्या हातानं येकदा झालं ताई. पुन्यांदा मन धजत न्हाई." दार बोडकं राहिलं. मला दसऱ्याला त्या दाराकडे बघवेना.

रेवतीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तिनं दोघांना बोलावलं होतं. आबांना परभणीहून आणि नानाशेठना भोसरीहून. दोन पांढऱ्या टोप्या मागच्या रांगेत शेजारी शेजारी. इंग्रजीत काय चाललंय ते दोघांनाही कळत नव्हतं, पण मान दोघंही डोलवत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मंद उजेडाचा विचार कसा सुचला? रेवतीनं पडद्यावर फोटो लावला. वाळलेला झेंडू, सुतळी, चेपलेली लोंबी. तोरण तिनं नानाशेठकडून मागून आणून फोटो काढला होता. तिनं सगळी हकीकत सांगितली, आपला वाण कसा खोटा ठरला तेसुद्धा, काही न लपवता. हॉल हसला. परीक्षकही हसले. नानाशेठनी आबांच्या कानात विचारलं, "माजंच हाय न्हवं त्ये?" आबा म्हणाले, "तुमचंच हाय."

डॉक्टर झाल्याचं जाहीर झालं तशी रेवती आम्हाला घेऊन अंधारखोलीशी गेली. पिशवीतून नवं तोरण काढलं. झेंडूचं, लोंब्या नव्हत्या.

"आता कुठली नवमी?" नानाशेठ म्हणाले.

"माझी," रेवती म्हणाली. "बांधा नाना."

नानाशेठनी तोरण हातात घेतलं. मग त्यांनी डोळे पुसले, आणि दाराची कड सोडून पार वर भिंतीतल्या हुकाला तोरण बांधलं. दोन्ही टोकं कात्रीनं कापली. तीन-तीनदा ओढून पाहिली. पितळी पट्टी घट्ट फिरवली. "चला आत. खात्री केल्याबिगर मी जानार न्हाई."

आम्ही चौघं आत गेलो. स्टूल आबांना दिलं. दिवा विझवला, दार लागलं. डोळे मुरायला वेळ लागतो, हे आता सगळ्यांनाच माहीत होतं.

बऱ्याच वेळानं नानाशेठचा आवाज आला. "पोरी, तुज्या डोळ्याला काय दिसतंय?"

"काहीच नाही, नाना."

"नीट बघ. वरच्या कोपऱ्यात?"

"काहीच नाही."

"मंग मास्तर," नानाशेठ आबांना म्हणाले, "काडा आता त्ये पिशवीतलं."

कागदाचा खुळखुळाट झाला आणि माझ्या हातात चाचपडत कुणीतरी पेढा ठेवला. दारावर माझी 'येथे काहीही खाऊ नये'ची पाटी होती, या खोलीलाही मीच लावलेली, आणि तसल्याच पाटीपायी मी मॅडमनासुद्धा बाहेर काढलं होतं. पण ती दाराच्या बाहेरच्या बाजूला होती. मी पेढा खाल्ला, आणि दुसरा मागितला.